कंदिलांचा शेवटचा गोल

परवा माझ्या नातीने फोनवर बोट फिरवता फिरवता आमचा लँटर्न्स संघ शोधून काढला. संघ बंद पडून इतकी वर्षं झाली की तो जिथे खेळायचा तिथे आता गालिच्यांचं गोदाम आहे. पण इंटरनेटवर कुणालाच सुखाने मरू देत नाहीत. कुण्या भक्ताने तिथे सगळं मांडून ठेवलंय, कोण कोण खेळलं, कोणी आयुष्यात किती गोल केले, सगळं उतरत्या भाजणीने. "आजी, धिस इज युवर डेनी?" तिने विचारलं. "बट ही इज ओन्ली सेकंड." ओन्ली म्हणे! मला असा राग आला की निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारली, पोरीला समोर बसवलं आणि सांगायलाच लागले. निम्म्यावर आले तेवढ्यात तिच्या पोहण्याच्या क्लासची वेळ झाली आणि ती पळाली. उरलेलं इथे लिहिते. कागदाला कुठे क्लास असतो!

तेव्हा आम्ही इथे, अटलांटाजवळच्या अल्फारेटात, नव्हतो. आता इथे गणपतीत पार्किंग मिळत नाही इतके आपले लोक झालेत, पण त्या वेळी आम्ही राहायचो ते गाव उत्तर जॉर्जियातलं, डोंगराच्या पायथ्याचं, आणि गावाचा धंदा एकच, गालिचे विणायचा. बाबा नागपूरच्या कापडगिरणीतले इंजिनियर. गिरणीचं भविष्य काही बरं दिसेना तेव्हा आईला आणि मला घेऊन ते इथल्या कारखान्यात आले. गावात मराठी घर आमचं एकट्याचं. दुसरं देशमुखांचं, ते अटलांटाकडे, गाडीने चांगलं दीड तासावर. त्यामुळे आईला घरात बोलायला मी आणि बाबा, आणि आम्ही दोघं कामाला-शाळेला गेलो की रेडिओ. आमचं अपार्टमेंट खालच्या मजल्यावर होतं. इमारत लाकडाची, वर कुणी चपला काढल्या तरी खाली कळायचं. आणि स्वयंपाकघराच्या छताला तो धुराचा अलार्म! आईने तेलात मोहरी टाकली, मिरची टाकली, की ते यंत्र अशी बोंब ठोकायचं की जणू घराला आगच लागली. आई कढई उचलून दाराकडे धावायची, मी खिडक्या उघडायची, बाबा स्टुलावर चढून पेपरने वारा घालायचे. आमच्या घरची फोडणी म्हणजे तिघांचं काम होतं.

अशाच एका फोडणीला डेनी आमच्या घरात शिरला. शिरला म्हणजे दार ढकलून आतच आला, अनवाणी, खांद्यावर ओला टॉवेल, समोरचे दोन दात नाहीत, आणि एवढा उंच की दाराच्या चौकटीतून वाकून यावं लागलं. आई किंचाळली. त्याला वाटलं ती आगीला भिऊन किंचाळली, म्हणून त्याने टॉवेल घेऊन थेट गॅसवर झडप घातली आणि वरणाचं अख्खं पातेलं झाकून टाकलं. अलार्म थांबला. मग त्याने टॉवेलचं टोक उचललं, वाकून वास घेतला, आणि विचारलं, "हे काय आहे?" तो आमच्या डोक्यावरच्या खोलीत राहत होता आणि आम्हाला त्याचे पाय तेवढे माहीत होते. आईने त्याला खुर्ची दाखवली. "बस. टॉवेल घातलास ना वरणात, आता तूच खा." हे तिने मराठीत सांगितलं आणि त्याला नीट कळलं.

डेनी कॅनडातल्या क्युबेकचा. तिथली माणसं फ्रेंच बोलतात, त्यामुळे त्याचं इंग्रजी आईच्या इंग्रजीइतकंच फाटकं होतं आणि दोघांचं छान जमायचं. तो आमच्या गावच्या आइस हॉकी संघात खेळायचा. संघाचं नाव लँटर्न्स. आईने पहिल्याच दिवशी त्याचे कंदील करून टाकले आणि मग आमच्या घरात "आज कंदिलांची मॅच आहे का गं?" असंच चालायचं. मोठ्या शहरांतल्या संघांमध्ये पैसा आणि टीव्ही. आमच्या कंदिलांकडे एक जुनी बस, डोक्यावर गळणारं छप्पर आणि गावातले गिरणीकामगार प्रेक्षक. पण ही माणसं काही हौशी नव्हेत बरं का. त्यांचं पोट त्यावर होतं. डेनीला तर दुसरं काही येतच नव्हतं. तो दिवसभर बर्फावर आपटून यायचा आणि संध्याकाळी आमच्याकडे जेवायचा. आईच्या हातचा गोळाभात म्हणजे त्याचा जीव की प्राण. भातात शिजलेले डाळीचे गोळे कुस्करायचे आणि वरून हिंग-मोहरीचं कडकडीत तेल घ्यायचं, हे त्याला शिकवावं लागलं नाही. तेल तापायला लागलं की हा आपणहून उठून अलार्मखाली टॉवेल हलवत उभा राहायचा. आई-बाबांना तो 'काकू-काका' म्हणायला लागला. देशमुखांची मुलं आली की तसं म्हणायची, तेवढं त्याने उचललं.

बाबा त्या खेळात कसे अडकले ते सांगते. हॉकीत गोल झाला की तो कुणाच्या नावावर मांडायचा हे ठरवणारा एक माणूस असतो, अधिकृत स्कोअरर. वाटतं तितकं ते सोपं नसतं. ती काळी रबरी चकती, पक म्हणतात तिला, अशी सुसाट जाते की वाटेत कुणाच्या स्टिकला, कुणाच्या बुटाला लागते, आणि शेवटी जाळीत गेली तर शेवटचा स्पर्श गोल करणाऱ्या संघातल्या कुणाचा हे त्याने बघायचं. आमच्या संघाचा स्कोअरर बाबांच्या कारखान्यातला फोरमन होता. तो फ्लोरिडाला गेला आणि जाताना बाबांचं नाव सुचवून गेला. का, तर बाबा नागपूरला क्लबच्या क्रिकेट सामन्यांचे स्कोअरर होते, आणि कोणीही जिंको, हा माणूस ढिम्म हलत नाही, अशी त्यांची ख्याती त्यांनीच कारखान्यात पसरवलेली. डेनीनेही संघाच्या मालकाकडे शब्द टाकला. झालं! बाबांनी नियमांचं पुस्तक पाठ केलं, दाढी केली, टाय लावला आणि बर्फाच्या कडेला काचेमागच्या छोट्या कठड्यात जाऊन बसले.

पहिल्याच मॅचला घोटाळा. क्रिकेटमध्ये अंपायरने चौकार-षटकार खुणावला की स्कोअरर हात वर करून सांगतो, दिसलं बरं का, लिहून घेतलं. बाबांच्या हाडात ते भिनलेलं. रेफरीने गोलची खूण केली आणि बाबा ताडकन उभे राहिले, हात उंच. रेफरीला वाटलं काहीतरी भानगड झाली. त्याने खेळ थांबवला, बर्फावरून सरसरत आला आणि म्हणाला, "काय झालं?" बाबा म्हणाले, "काही नाही. मला तुमची खूण दिसली." तो बिचारा मान हलवत परत गेला. आई माझ्या शेजारी कपाळाला हात लावून बसली होती. "काय करून राहिले हे? सांगा ना कोणी त्यांना!" पण कोण सांगणार? पुढच्या गोललाही हात वर. तिसऱ्या गोलला रेफरीनेच लांबून हात वर करून उत्तर दिलं, आणि महिन्याभरात अख्खं स्टेडियम गोल झाला की बाबांबरोबर हात वर करायला लागलं. बाबांना वाटायचं या लोकांना आता शिस्त लागली.

आम्हाला पासावर जागा मिळायची ती बाबांच्या कठड्याच्या बरोब्बर मागे. आई साडीवर जाडजूड कोट, पायात लोकरीचे मोजे आणि मांडीवर चहाचा थर्मास अशी बसायची. तो आवाज मला अजून ऐकू येतो. बुटांखालची धारदार पाती बर्फ कापतात तेव्हा करकर करत नाहीत, सुती कापड टर्रकन फाडावं तसा आवाज येतो, आणि पक फळीवर आदळला की छातीत धक्का बसतो. आणि डेनी! घरात खुर्चीला अडखळणारा, ग्लास सांडणारा हा गडी बर्फावर गेला की असा वळायचा, असा वळायचा, की मी श्वास धरून बसायची. त्याच्या जोडीला रॉय. रॉय संघाचा कॅप्टन, वयाने मोठा, मिशाळ, शांत, गावाचा लाडका. नवखा डेनी आला तेव्हा इंग्रजी शिव्या त्याला रॉयने शिकवल्या आणि गाडी चालवायलाही त्यानेच. रॉय लांबून तोफ डागायचा आणि डेनी जाळीपुढे मार खात उभा राहून उरलेलं काम करायचा. वर्षानुवर्षं दोघांनी मिळून गोल केले. एकमेकांवाचून एकाचंही पान हलायचं नाही.

मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा मालकाने जाहीर केलं की या सीझननंतर संघ बंद. दुसऱ्या गावात हलवणार नाही, विकणार नाही, बंद. गावाने हळहळ केली, पेपरात फोटो आले, आणि त्याच पेपरात छापून आलं की संघाच्या सगळ्या वर्षांत मिळून सर्वांत जास्त गोल करणारे दोघं, रॉय आणि डेनी, अगदी बरोबरीत आहेत. मग काय, गावाला विषयच मिळाला. त्या आठवड्यात डेनी जेवायला आला. आईने गोळाभात वाढला तरी नुसता कुस्करत बसला. शेवटी म्हणाला, आणि त्याच्या मोडक्या इंग्रजीतलं ते मी माझ्या मराठीत लिहिते आहे, "काकू, मला मोठ्या संघांनी कधीच बोलावलं नाही. आता गुडघा गेला, आता कोणी बोलावणारही नाही. घरी गेलो की भावाबरोबर लाकडाच्या वखारीवर उभा राहीन. संघ संपला की ही यादीही संपली, तिच्यात नंतर कुणी कुणाच्या पुढे जाणार नाही. जगात एका जागी तरी माझं नाव सगळ्यांत वर असावं, एवढंच हवंय मला." आई डोळे पुसत म्हणाली, "असणार रे बाबा, असणार." बाबा जेवत होते. आईने त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, ऐकलं ना?" बाबा म्हणाले, "ऐकलं. त्याने गोल केला तर मी लिहीन." या माणसाबरोबर संसार कसा केला ते आईलाच ठाऊक.

शेवटची मॅच रविवारी दुपारी होती. छप्पर गळत होतं तिथे बादल्या ठेवलेल्या, त्या बादल्यांच्या मध्येही लोक उभे. खेळ सुरू झाला आणि दोघांपैकी एकालाही गोल होईना. शेवटच्या भागात रॉयने लांबून पक हाणला. जाळीपुढे घोळका, त्यात डेनी, अंगावर दोघं जण लोंबकळताहेत, त्याची स्टिक पुढे आली, आणि पक आत! जाळीमागचा गोलचा लाल दिवा लागला. बाबा उभे राहिले, हात वर केला, खाली बसून लिहिलं आणि शेजारच्या अनाउन्सरला सांगितलं. लाउडस्पीकरवर डेनीचं नाव आलं, लँटर्न्सचा गोल, डेनीचा गोल, आणि या गोलबरोबर संघाच्या इतिहासात सर्वांत जास्त गोल करणारा खेळाडू! काय तो गलका! आईने थर्मास कुठे फेकला देव जाणे. ती माझ्या गळ्यात पडून रडत होती. आणि मला दिसलं की सगळे कंदील डेनीला मिठ्या मारताहेत आणि तो मध्ये खांबासारखा उभा आहे, मान वर, लाउडस्पीकरकडे.

मग तो आमच्या बाजूला आला. कठड्याच्या काचेला बोलायपुरती एक गोल खिडकी होती, तिथे वाकला. आम्ही मागेच होतो म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला. "काका, मला नाही लागला तो. रॉयचा आहे."

बाबा म्हणाले, "मी पाहिलं. तुझ्या स्टिकला लागला."

"नाही लागला. जवळून गेला."

तेवढ्यात मागून रॉय आला, धापा टाकत. "त्याचं ऐकू नका. लागला. मी स्वतः पाहिलं, डेनीचाच गोल आहे." डेनी फ्रेंचमध्ये काहीतरी ओरडला. रॉयही ओरडला. तुझा, नाही तुझा, नाही तुझाच! आपल्याकडे पंगतीत ताटातला शेवटचा लाडू एकमेकांच्या पानात ढकलतात ना, तसे हे दोन आडदांड, दात पडलेले पुरुष त्या गोलसाठी भांडत होते. रेफरी आला, त्याने हात झटकले. ठरवायचं स्कोअररने, नियमच तसा. आई मागून काच ठोकत होती. "अहो, लिहिलंय ते राहू द्या! रॉयही तेच म्हणतोय ना!" बाबांनी वळून पाहिलं नाही. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, तेवढं मला दिसत होतं. ते रॉयला म्हणाले, "तू केवढ्या लांब होतास. तुझ्यापुढे चार माणसं होती. तुला काय दिसलं?" रॉयने खाली पाहिलं. बाबा डेनीला म्हणाले, "शेवटचं विचारतो. नंतर बदलता येणार नाही, कधीच." डेनीने मान हलवली, नाही लागला. बाबांनी डेनीच्या नावावर रेघ मारली आणि रॉयचं लिहिलं.

दुरुस्ती वाचली गेली तेव्हा जे झालं ते बाबांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं. लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. ज्यांनी वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर हात वर केले त्याच लोकांनी. कुणी तरी मक्याच्या लाह्यांचा डबा काचेवर फेकला. बाबा टाय नीट करून पुढचं लिहायला लागले. उरलेल्या वेळात रॉयने एकदाही जाळीकडे मारलं नाही, प्रत्येक पक आणून डेनीपुढे ठेवला. सगळेच ठेवत होते. डेनीने जिवाच्या आकांताने मारले, समोरच्या गोलकीपरने सगळे अडवले. भोंगा वाजला आणि लँटर्न्स संघ संपला.

 घरी येऊन आईने भांडी इतकी आपटली की वरचा अलार्म वाजायचा तेवढा राहिला. ती आजही, ऐंशीच्या पुढे गेली तरी, तो विषय निघाला की म्हणते, "लागला होता, मी पाहिलं ना!" मला खरंच माहीत नाही. मला त्या वेळी वाटत होतं की डेनी आता आमच्या दारात पाऊल ठेवणार नाही, आणि त्याने का ठेवावं, असंही वाटत होतं. आईने तरी गोळाभात टाकलाच. उजेड होता तोवरच वरचा जिना वाजला आणि दार उघडलं. डेनी आत आला, न्हालेला, ओठ फुटलेला. नेहमीच्या खुर्चीत बसला. आईने वाढलं. तिला राहवेना. "का रे सांगितलंस? रॉयसुद्धा तुझं नाव घेत होता. हवं होतं ना तुला?"

"खूप हवं होतं, काकू," तो म्हणाला आणि रडायला लागला. एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडताना मी त्याआधी पाहिला नव्हता. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बाबा समोर बसून होते.  शेवटी ते म्हणाले, "तू आला नसतास तर मी बदललं नसतं. मला अजूनही वाटतं, लागला. पण मी नुसतं काचेतून पाहिलं. स्टिक तुझ्या हातात होती." डेनीने डोळे पुसले. बाबांकडे असं बघितलं की जणू आता त्याच्यावर खटला चालणार आहे.

"काका, एक सांगायचंय. मला लगेच कळलं होतं. पक आत गेला तेव्हाच. मी तेव्हाच तुमच्याकडे यायला हवं होतं. पण अनाउन्सरने माझं नाव घ्यायला सुरुवात केली, आणि मी थांबलो. पूर्ण ऐकलं. शेवटच्या शब्दापर्यंत. मग आलो. चुकलं माझं."

बाबांनी चष्मा काढला, पंच्याने पुसला, परत लावला. मग कढलीतलं तेल त्याच्या भातावर सोडत म्हणाले, "आधी सांगायचं ना बे. मी त्याला म्हटलं असतं, जरा सावकाश वाच."